डेपोमागचं टक्कल

फ्लॅटच्या फरश्या बदलायला गवंड्याने पंधरा दिवस मागितले, म्हणून वन्सं पंधरा दिवसांसाठी भावाकडे राहायला आल्या. त्याला चार महिने झाले. गवंडी फोन उचलायचा, "होतच आलंय" म्हणायचा आणि पुढच्या महिन्यापर्यंत गायब व्हायचा. तोवर वन्संनी भावाच्या घरातलं पुस्तकांचं कपाट, औषधांचा डबा आणि टीव्हीचा रिमोट ताब्यात घेतला होता.

अडतीस वर्षं त्यांनी शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तपासायची खोड जात नव्हती. भाजीला दहापैकी साडेसहा. पडद्यांच्या रंगाला चार. भावाच्या घोरण्याला नऊ, कारण "सातत्य आहे."

हे गुण मुकाट्याने घेणारी त्यांची भावजय रस्ते विभागात नकाशे काढायची. ऑफिसात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि तिची पाठ वळली की फूटपट्टी. स्टीलची एक फूटपट्टी तिच्या पर्समध्ये कायम असायची आणि तिचा स्वभावही त्याच धातूचा होता: सरळ, गार, कडेला जराशी धार. हे नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. सव्वीस वर्षांत तिच्या एकाही नकाशात चूक निघाली नव्हती. साहेब बदलले, मंत्री बदलले, ट्रेसिंगचे कागद जाऊन संगणक आले, फूटपट्टीची रेघ तसूभर हलली नाही.

वन्सं रोज सकाळी फिरायला जायच्या. बस डेपोच्या मागे एक उतार होता. वर पाण्याची टाकी, खाली डेपो, मध्ये कडक पिवळट माती. कडेला गवताचे चार झुबके सोडले तर त्यावर काही उगवत नसे, म्हणून सगळे त्याला टक्कल म्हणत. भटकी कुत्रीसुद्धा तिथे थांबत नसत. एके दिवशी वन्सं तिथून दोन तास उशिरा आल्या. कोपरांना माती, केसांत माती, हातात भावाच्या चष्म्याची डबी. ती त्यांनी जेवणाच्या टेबलावर, बरोबर त्याच्या ताटाशेजारी उघडली.

"ताई, माशी कशाला आणलीस?"

"मधमाशी आहे. मादी. मेलेलीच सापडली, मी मारली नाही. नीट बघ."

करंगळीच्या नखाएवढी, तांबूस, पोटावर चुन्याचं बोट फिरवावं तशा दोन पांढऱ्या रेघा. वन्संनी तिचं शास्त्रीय नाव सांगितलं, ते कोणीतरी शिंकल्यासारखं वाटलं. मग जेवण थांबवून तासच घेतला. हिला पोळं नसतं, राणी नसते, कोणाला द्यायला मध नसतो. प्रत्येक मादी कडक जमिनीत आपलं आपलं बीळ खणते, तळाशी कोठडी करते, परागाचा लाडू ठेवते, त्यावर अंडं घालते, दार लिंपते आणि पुढच्या कोठडीला लागते. दीड-दोन महिन्यांत राबून मरते. पोरं पुढच्या वर्षी वर येतात.

"आणि नर?" फूटपट्टीच्या नवऱ्याने विचारलं.

"नर संध्याकाळी गवताच्या काडीला दात रोवून लटकतात आणि तसेच झोपतात."

"आणखी?"

"आणखी विशेष काही नाही."

"व्यवस्था वाईट नाही," तो म्हणाला आणि चष्म्याची डबी उचलून धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून प्राध्यापक आले. बावन्न वर्षांचे, पोट सुटलेलं, कीटकांवर परदेशात भाषणं देऊन आलेले. पण चाळीस वर्षांपूर्वी ते वन्संच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचे, त्यामुळे त्यांना बघताच हात आपोआप पाठीमागे गेले. तीन तास ते टकलावर पालथे पडून होते. उठले तेव्हा डोळे ओले होते.

"बाई, तीच आहे. एकतीस वर्षांत कोणी पाहिली नव्हती. इथे चारशेच्या आसपास बिळं आहेत."

"आसपास हा आकडा आहे का?"

"नाही बाई. मोजतो बाई."

चारशे बारा भरली. आणि बिळांच्या अधूनमधून, लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या निघाल्या सव्वीस.

त्या कसल्या, ते रात्रीच्या जेवणापर्यंत वन्संना कळलं. डेपोपासून टाकीला वळसा घालून पलीकडच्या नव्या वसाहतीला रस्ता होणार होता.

"टकलावरूनच का नेलाय?" त्यांनी विचारलं.

"तिथे खळगा आहे म्हणून," फूटपट्टी म्हणाली. "खळग्यातून नेला की चढ कमी लागतो. आठ वर्षांपूर्वीच ठरलंय ते."

"कुठल्या शहाण्याने काढला?"

"मी."

वन्संनी ताट पुढे सरकवलं. "शून्य," त्या म्हणाल्या.

मग अर्ज सुरू झाले. वन्संचा पहिला अर्ज सहा पानांचा होता, आकृत्यांसह. विभागाचं उत्तर अर्ध्या पानाचं आलं. वन्संनी त्यातल्या व्याकरणाच्या अकरा चुका लाल शाईने दुरुस्त केल्या, खाली "पुन्हा लिहून आणा" असा शेरा मारला आणि ते परत पाठवलं.

मोठ्या साहेबांनी फूटपट्टीला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुमच्या नणंदबाईंना आवरा."

"सर, चार महिने तोच प्रयत्न चालू आहे."

"अहो, आम्ही काय मधमाश्यांचे वैरी आहोत? बघा, मी किती विचार केलाय." साहेबांनी एक चित्र पुढे केलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना हिरवीगार लॉन, कारंजं, फुलांचे वाफे आणि मधोमध आठ फुटी सिमेंटची मधमाशी, हसणारी. पाटीवर 'मधमाशी उद्यान'. "आता तरी खूश होतील ना त्या?"

ते चित्र बघून प्राध्यापक स्कूटरवरच बसून राहिले. "बाई, लॉन घातली की खेळ खलास. यांना उघडी, कडक, उन्हात तापलेली माती लागते. पावसाचं पाणी उतारावरून वाहून जातं, पण रोज पाणी मारलं तर खालची पोरं बुडून मरतील. आणि माती उचलून दुसरीकडे न्यावी तर कोठड्या फुटतात."

"थोडक्यात, यांना वाचवायचं तर काहीही करायचं नाही," वन्सं म्हणाल्या.

"हो बाई."

"सरकारला तेवढंच जमत नाही."

खोदाईचा सोमवार ठरला. फूटपट्टीला खरं सांगायचं तर मधमाश्यांचं सुखदुःख नव्हतं. तिला सकाळी स्वतःच्या स्वयंपाकघरात एकटीने चहा प्यायचा होता, बस. पण रविवारी सकाळी वन्संनी तिची चप्पल दारात काढून ठेवली आणि म्हणाल्या, "जे पुसून टाकणार आहेस ते एकदा डोळ्यांनी बघून तरी घे." वाद घालण्यापेक्षा जाऊन येणं स्वस्त पडेल, असा हिशोब करून ती निघाली.

आठ वर्षांत ती टकलावर एकदाही आली नव्हती. नकाशा काढणाऱ्याने जागेवर जायची पद्धतच नव्हती. साहेब लोकांची पाहणी झाली होती, गाडीची काच खाली करून.

वन्संनी तिला एका बिळापाशी उकिडवं बसवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग बिळातून आधी एक इवलंसं बूड बाहेर आलं. मादी उलटी येत होती, मागच्या पायांनी माती रेटत. ढीग बाहेर लोटला, दोन्ही बाजूंनी सारखा केला, परत आत. पुन्हा बूड, पुन्हा माती. फूटपट्टीने न राहवून पर्समधून पट्टी काढली आणि बिळाला लावली. सहा मिलिमीटर. शेजारचं बीळ, सहा. त्याच्या पलीकडचं, सहा. ऑफिसात दोन इंजिनियरांची मापं आजवर जुळली नव्हती.

"हिला शिकवलं कोणी?" तिने विचारलं.

"आई तर हिच्या जन्माआधीच मेलेली असते," वन्सं म्हणाल्या. "कोणीच नाही."

फूटपट्टी उठून उभी राहिली. पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून चार पावलं चालली आणि चालता चालता तिच्या लक्षात आलं की आपल्याला धाप लागतेय. खळग्यात उतरताना धाप लागत नाही. तिने वर बघितलं, खाली बघितलं. नकाशाप्रमाणे ती या घटकेला खळग्याच्या तळाशी असायला हवी होती. प्रत्यक्षात ती सलग चढावर उभी होती आणि तिथून डेपोतल्या बसगाड्यांची छपरं दिसत होती.

तिच्या पोटात खड्डा पडला. त्या टकलावर तेवढा एकच.

वन्संना तिने सांगितलं की डोकं दुखतंय आणि थेट ऑफिस गाठलं. रविवारच्या त्या रिकाम्या दुपारी पहारेकऱ्याने कुरकुरत कुलूप काढलं. दप्तरखान्यात तिने मोजणीदाराचं मूळ कागदाचं भेंडोळं उलगडलं. उंचीचे आकडे इंग्रजीत, ओळीने होते. सहासष्ट, सदुसष्ट, मग एक आकडा, मग एकोणसत्तर. तो मधला आकडा अडुसष्ट होता. आठाची दोन्ही पोटं डावीकडे जराशी उघडी राहिली होती आणि आठ वर्षांपूर्वी तिने तो तीन वाचला होता. त्रेसष्ट. सदुसष्ट आणि एकोणसत्तर यांच्या मध्ये त्रेसष्ट. पहिलीतल्या पोराला शंका आली असती. तिला आली नाही, कारण तिची चूक होत नसे. त्यानंतर नकाशावर पाच सह्या झाल्या होत्या आणि प्रत्येकाने आधीच्या सहीवर विश्वास ठेवला होता.

खळगा नव्हताच. म्हणजे रस्ता इथून नेण्याचं कारणही नव्हतं. चारशे बारा बिळांवर नांगर फिरणार होता तो एका उघड्या पोटाच्या आठामुळे.

घरी येऊन तिने नवऱ्याला खोलीत बोलावून सगळं सांगितलं. त्याने आधी दार लावून घेतलं.

"कोणाला कळलंय?"

"तुला."

"मग झालं तर. गप्प बस. सव्वीस वर्षांचं नाव आहे तुझं. ताईचं काय, तिच्या फरश्या झाल्या की ती जाईल, तिला दुसरा किडा सापडेल."

तो प्रेमानेच बोलत होता. पण फूटपट्टीला एकाएकी गवताच्या काडीला दात रोवून लटकलेला नर आठवला आणि तिने विषय बंद केला.

सोमवारी सकाळी सातलाच टकलावर पिवळं मशीन आलं. वन्सं पोचेपर्यंत त्याने खालचा एक कोपरा खरवडूनही टाकला होता. वन्संनी घडीची खुर्ची मशीनच्या तोंडासमोर उघडली, छत्री उघडली आणि बसल्या. ड्रायव्हर सभ्य माणूस होता.

"आजी, जरा बाजूला होता का?"

"आजी कोणाला म्हणतोस? बाई म्हण. खाली उतर आणि इथे बघ, हे काय आहे?"

तो उतरला. अर्ध्या तासाने तो उकिडवा बसून मादीचं बूड बाहेर येताना बघत होता आणि मुकादम फोनवर साहेबांना सांगत होता की कामाला सुरुवात झालीय.

दहाच्या सुमारास फूटपट्टी साहेबांच्या केबिनमध्ये उभी होती.

"सर, टकलाचा नकाशा चुकलाय."

"कोणी चुकवला?"

"मी."

साहेब हसले. मॅडम विनोदही करतात हे त्यांना नवीन होतं. मग तिने भेंडोळं उलगडलं, बोट ठेवून आकडा दाखवला आणि साहेबांचं हसू चहाच्या कपात बुडालं.

"हे मी ऐकलेलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही बोलला नाहीत, मी ऐकलं नाही. फीत कापायला मंत्र्यांची तारीख मिळालीय. खोदताना 'अडचण उद्भवली' असं लिहू आणि मोजणीदाराच्या नावावर टाकू. तो केव्हाच निवृत्त झालाय."

"त्याने अडुसष्टच लिहिलंय, सर."

"तो काय वाचायला येणार आहे का इथे?"

 फूटपट्टीने आकड्यावरचं बोट उचललं नाही. कोण कुठला तो माणूस, भर उन्हात यंत्र खांद्यावर टाकून टकलावर चढला होता, बरोबर आकडा लिहून खाली उतरला होता. चूक तिची. ती आपल्या हातून दुसऱ्याच्या नावावर कशी जाऊ द्यायची? चोरीच की ती, आणि तीही इतक्या भिकार वस्तूची.

"सर, खळगा नाही म्हणजे पाच मीटर जास्त खोदावं लागेल. वर टाकी आहे. तिचा पाया उघडा पडेल. टाकीच्या खाली डेपो, डेपोच्या खाली अधिकाऱ्यांचे बंगले. पहिला बंगला कोणाचा, ते बघायला मला नकाशा लागत नाही."

साहेबांनी घसा खाकरला. पहिला बंगला त्यांचाच होता. "तुम्ही हे लेखी वगैरे दिलेलं नाहीये ना कुठे?"

"दिलंय. साडेनऊला आवक केलं, शिक्का पडलाय. एक प्रत पाणीपुरवठ्याला गेली."

साहेबांनी डोळे मिटले. रस्ते विभाग आणि पाणीपुरवठा विभाग यांच्यात विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. रस्तेवाले नवा रस्ता करायचे आणि आठवड्याने पाणीपुरवठावाले तो नळासाठी फोडायचे, हे वर्षानुवर्षं चाललेलं. एवढा मोठा दगड आयता हातात आल्यावर पाणीपुरवठ्याचे साहेब कसले थांबतात! तासाभरात त्यांचा फोन आला. आवाजात काळजी इतकी ओतप्रोत होती की त्यांना केवढा आनंद झालाय हे लपत नव्हतं. दुपारी दोनला मशीन डेपोत परत गेलं. जो हुकूम निघाला त्यात टाकी होती, पाया होता, जनतेची सुरक्षितता होती. मधमाशी हा शब्द कुठेही नव्हता.

पुन्हा मोजणी झाली. रस्ता डेपोच्या भंगार आवारातून गेला, जिथे मोडक्या बसगाड्या दहा वर्षं सडत होत्या. आधीपेक्षा छोटा आणि सपाट निघाला. मंत्र्यांनी फीत कापली आणि दूरदृष्टीबद्दल मोठ्या साहेबांचं कौतुक केलं. साहेबांनी मान झुकवून ते घेतलं.

फूटपट्टीला मेमो मिळाला आणि तळघरातल्या गटार विभागात बदली. ऑफिसात तिचं नावही एका दिवसात बदललं. आता तिला खळगा म्हणत. पहिल्यांदा ते कानावर पडलं तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन मैलावाहिनीचा उतार काढायला बसली. गटार विभागात एक बरं होतं, तिथे कोणाच्या अंगात नाव राखण्याची हौस नव्हती.

इकडे वन्सं आठवडाभर हवेत होत्या. "शेवटी व्याकरणाला घाबरले!" दारात आलेल्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, दूधवाल्यालासुद्धा. भावजय ऐकून घ्यायची. शेवटी नवऱ्यालाच राहवलं नाही. "ताई, व्याकरण कसलं? हिने आपली नोकरी पणाला लावली," असं म्हणून त्याने सगळं ओकून टाकलं आणि आपण काय केलं हे लक्षात येताच पेपर आणायला बाहेर पळाला. पेपर सकाळीच आलेला होता.

त्या दिवशी वन्संनी कशालाच गुण दिले नाहीत. संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आणखी एक शून्य दिलं असतं."

"दिलंच असतं. चूक ती चूक." मग त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "बारा वर्षं मी त्या डेपोतून बस पकडत होते. बस सुटेपर्यंत उभी असायचे, तोंड टकलाकडे करून. आणि वर्गात जाऊन सांगायचे, ही जात संपली, लिहून घ्या. एवढ्या पोरांनी लिहून घेतलं. मला कोणी मेमो दिला नाही."

 फूटपट्टीने चहाचं आधण वाढवलं. वन्संनी तो न बोलता प्यायला, साखर जास्त झाली होती तरी.

फरश्या अखेर झाल्या, वन्सं आपल्या घरी गेल्या. टक्कल मात्र सुखाने नांदलं असं नाही. दर महिन्याला कोणीतरी त्याचं भलं करायला यायचं. एकदा चाळीस लोक रोपं आणि फावडी घेऊन झाडं लावायला आले, सोबत फोटोवाला. वन्संनी त्यांना छत्रीने हाकललं. मग प्राध्यापकांनी खटपट करून पाटी लावली: इथे काही लावू नका, काही ओतू नका, झाडू नका. लोकांनी वाचलं आणि एकमेकांकडे बघितलं. अशी पाटी गावात दुसरीकडे कुठेही नव्हती.

हंगाम संपला, माश्या मेल्या. टकलावर काही हलेना. दहा महिने तिथे फक्त ऊन आणि पाऊस पडत होता आणि खरवडलेला कोपरा बघितला की प्राध्यापकांचा चेहरा उतरायचा. मशीनच्या हादऱ्यांनी खालच्या कोठड्या फुटल्या असतील तर वर काय चाललंय त्याला अर्थ नव्हता आणि उकरून बघायची सोय नव्हती. वर्ष सरलं. पोरं वर यायचा आठवडा आला आणि गेला. पुढचाही गेला. वन्सं रोज जायच्या आणि भावजयीला फोन करून एकच शब्द सांगायच्या, "नाही."

एका मंगळवारी अकरा वाजता तळघरात फोन वाजला.

"ये," वन्सं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गटार विभागाचे साहेब जेवणाआधीची डुलकी काढत होते. "सर, मी जाऊन येते. घरचं काम निघालंय," ती म्हणाली आणि परवानगी येण्याच्या आत जिना चढून रस्त्यावर होती.

टकलावर प्राध्यापक पालथे होते आणि वन्सं खुर्चीवर. जमिनीलगत दहा-बारा माश्या सैरावैरा घिरट्या घालत होत्या. एकमेकींवर आपटत होत्या, गवतात पडत होत्या, उठून परत भिरभिरत होत्या.

"आल्या!" फूटपट्टी म्हणाली.

"आले," वन्संनी दुरुस्ती केली. "नर आहेत. हे आधी बाहेर येतात आणि बायकांची वाट बघत असा गोंधळ घालतात. माद्या आल्या तर खरं."

"कधी येतील?"

"आज. उद्या. किंवा नाहीच येणार."

फूटपट्टी जमिनीवरच बसली, चांगल्या साडीने. तळघरातून दोनदा फोन आला, तिने बघितला नाही. ऊन डोक्यावर आलं, प्राध्यापकांच्या टकलाला चटके बसायला लागले तसा त्यांनी रुमाल घेतला. एक नर वन्संच्या नाकावर उतरला आणि त्यांनी श्वास रोखून त्याला बसू दिलं.

पावणेदोनला, खरवडलेल्या कोपऱ्याच्या अगदी काठावर, माती जराशी फुगली. तिला एक चीर गेली. आतून आधी मिशा आल्या, मग डोकं. बाहेर आलेली मादी क्षणभर उन्हात तशीच थांबली, तोंड पुसल्यासारखे पुढचे पाय फिरवले. तिघांपैकी कोणी हललं नाही.

"बाई," प्राध्यापक कुजबुजले, "एक."

"लिहून घे," वन्सं म्हणाल्या.